ट्रायलची गाडी

आमच्या घरात भांडी वाजली म्हणून कुणी मान वर करून बघत नसे. फळीवरचे पितळी पेले एकमेकांना लागून किणकिणायचे, खुंटीवरचा कंदील डुलायचा, माठावरचं झाकण टकटक करायचं, आणि अम्मी बोलता बोलता एक हात त्या पेल्यांवर ठेवून बोलणं तसंच पुढं चालू ठेवायची. गाडी निघून गेली की हात काढायची. पाहुणे मात्र दचकायचे. माझी धर्माबादची मामी पहिल्यांदा मुक्कामाला आली तेव्हा पुढ्यातलं ताट टाकून दाराकडं पळाली होती, आणि अब्बा इतके हसले की मामीनं पुढं कितीतरी दिवस त्यांच्याशी अबोला धरला. "ये रेलवे का घर है भाबी, यहाँ दीवार भी हलती तो टाइम पे," असं अब्बा म्हणायचे. घरात आमची दखनी चालायची. इथं मी बहुतेक सगळं मराठीतच लिहिते आहे, कारण आता मला स्वप्नंसुद्धा मराठीत पडतात. तरी अम्मीचा 'नक्को' मराठीत कसा आणणार? तिच्या तोंडात तो शब्द असा काही वाजायचा की पुढं कुणाची बोलायची टाप नव्हती.

धानोरी स्टेशन म्हणजे लातूरच्या पश्चिमेकडच्या छोट्या लायनीवरचं एक चिमुकलं स्टेशन. काळ्या दगडाची एक खोली, तिला तिकिटाची खिडकी, पुढं पत्र्याची पडवी, एक लिंबाचं झाड आणि मागच्या बाजूला आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर. चारी बाजूंना ज्वारी नाहीतर तूर. गाव लांब, माळापलीकडं. अब्बा तिथं सांधेवाले होते. दोन बाजूंनी दोन गाड्या यायच्या आणि रूळ तर एकच. मग एका गाडीला बाजूच्या जादा रुळावर, म्हणजे लुपात घ्यायचं, दुसरीला वाट द्यायची. त्यासाठी जो दांडा ओढून सांधा बदलावा लागतो, तो अब्बांच्या हातात. त्यांना त्याचा केवढा तोरा! "कलेक्टर असू दे नाहीतर आमदार," ते म्हणायचे, "मी दांडा ओढेपर्यंत हलू शकत नाही." आणि खरंच, दोन्ही गाड्या येऊन उभ्या राहिल्या की त्या ओसाड माळावर जत्रा भरायची. लोक खाली उतरायचे, पाय मोकळे करायचे, लिंबाखाली अम्मीच्या कढईभोवती गर्दी करायचे. धर्माबादची मिरची घालून अम्मी जी भजी तळायची, त्यांनी लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि तेच लोक परतीच्या गाडीला पुन्हा मागायचे. लिंबाला रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. मागच्या स्टेशनातून गाडी सुटल्याचा फोन आला की अब्बा त्यावर लोखंडी गज हाणायचे. ती आमची घंटा. ती ऐकली की अम्मी कढईखाली जाळ वाढवायची.

मग हळूहळू गाड्या कमी झाल्या. लोक जीपनं नाहीतर एसटीनं जाऊ लागले. शेवटी एकच गाडी उरली, सकाळी लातूरकडं जाणारी आणि संध्याकाळी तीच परत येणारी. आता समोरासमोर गाड्याच येत नाहीत म्हटल्यावर सांधेवाल्याचं काय काम? स्टेशनमास्तर आपलं टेबल बैलगाडीत घालून निघून गेले. तिकिटाच्या खिडकीवर आडवी फळी ठोकली. गाडी जायची, पण थांबायची नाही. लुपाचे रूळ आणि बाकीचं लोखंड उचलून नेईपर्यंत राखण करायला म्हणून अब्बांना तेवढं तिथंच ठेवलं. बंद स्टेशनाची राखण! तरीही सकाळ-संध्याकाळ ते खाकी सदरा चढवून हिरवा झेंडा घेऊन उभे राहायचे, आणि ड्रायव्हर जाता जाता एक शिट्टी द्यायचा. त्या शिट्टीनंतर जी शांतता पडायची ती मला अजिबात सहन व्हायची नाही. लुपाच्या रुळांवर तांबडा गंज चढला, फलाटावर गवत माजलं, आणि अम्मी भज्यांची कढई पालथी घालून ठेवायला लागली.

पहिल्यांदा ते झालं तेव्हा मी भाकरी थापत होते. भर दुपार होती. पेले किणकिणले, अम्मीनं सवयीनं त्यांच्यावर हात ठेवला, आणि मग तो हात तिथंच राहिला. ती माझ्याकडं बघायला लागली. सकाळची गाडी कधीच गेली होती. बाहेरून गुडगुड असा आवाज आला, लांबून, दगडांनी भरलेला ट्रक उतारावरून यावा तसा, आणि थांबला. तेवढ्यात अब्बा पळत आत आले. त्यांचा चेहरा असा उजळलेला मी स्टेशन बंद झाल्यापासून पाहिला नव्हता.

"ऐकलं का? मालगाडी! ओढ्याच्या पुलापर्यंत आली अन् माघारी गेली. ट्रायल घेऊन राहिलेत!"

त्यांचा हिशेब सरळ होता, आणि रेल्वेच्या माणसालाच सुचावा असा होता. मालगाड्या पुन्हा सुरू होणार, म्हणजे रोजच्या गाडीला त्या कुठंतरी आडव्या येणार. लूप आहे तो फक्त धानोरीत. म्हणजे लूप लागणार, सांधा लागणार, सांधेवाला लागणार. स्टेशन उघडणार! अम्मीनं पेल्यांवरचा हात काढला आणि माझी तव्यावरची भाकरी जळते आहे म्हणून मलाच फैलावर घेतलं.

त्यानंतर ती ट्रायलची गाडी वरचेवर येऊ लागली. कधी दिवसा, कधी संध्याकाळी, कधी पहाटे. तिला वेळ-काळ नव्हता, आणि दिसायची तर कधीच नाही. गावातून दूध घालायला शेवंतामावशी यायच्या. त्यांच्या तोंडाला टाळा म्हणून नव्हताच. दुधाचं माप अम्मीच्या पातेल्यात ओतता ओतता त्या म्हणाल्या, "चाँदभाई, कशाची मालगाडी घेऊन बसलाव? जमीन गुरगुरून राहिली. आमच्या हिरीचं पाणी गढूळ आलंय, हात घातला तर कोमट लागतंय. कोंबड्या खुराड्यात जाईनात. समदं गाव अंगणात निजतंय, अन् तुम्ही ह्या दगडाच्या खोपटात. लई वंगाळ दिसतंय बघा."

"मावशी, तुम्ही जीपनं हिंडणारी माणसं," अब्बा हसत म्हणाले, "तुम्हाला काय कळतंय गाडीतलं?"

"हाव, आम्हाला न्हाई कळत. गाडी असती तर धूर दिसला असता, न्हाईतर एखादा डबा तरी! रशीदाबी, तू तरी सांग की गं ह्यांना."

अम्मीनं पातेलं उचललं. "आमच्याकडं गाडी हाय बाई," ती म्हणाली, "भूकंप तुमच्या गावात." शेवंतामावशी कपाळाला हात लावून हसत निघून गेल्या. मलाही तेव्हा हसू आलं होतं. आता ते वाक्य आठवलं की अंगावर काटा येतो.

त्याच वर्षी मी दहावी पास झाले. मार्क असे पडले की गावच्या हेडमास्तरांनी स्वतः सायकलवरून येऊन पेढे दिले आणि अब्बांना बजावलं, "पोरीला लातूरला धाडा." तेव्हा लातुरात नुकतं क्लासचं वारं शिरलं होतं. गावागावांतून पोरं येत होती. रेणापूरची, शिरूर अनंतपाळची, पार नांदेड-देगलूरकडची. ज्याच्या घराला एक जादा खोली तो मालक झाला, ज्याला फळ्यावर गणित मांडता येई तो सर झाला. आता माझ्या गॅलरीत उभं राहिलं की समोर क्लासच्या पाट्याच पाट्या दिसतात, त्यांवर हसऱ्या पोरांचे गठ्ठ्यानं फोटो, आणि खाली ओझ्यानं वाकलेली पोरं वडापाव खात पळत असतात. तेव्हा एवढं नव्हतं, पण नशा तीच होती. एका विधवा बाईंच्या घरी आम्ही चार मुली एका खोलीत राहायचो. रेणापूरची वैशाली माझ्या शेजारी झोपायची. पहाटे उठायचं, फिजिक्सच्या क्लासला पळायचं, तिथून कॉलेज, तिथून पुन्हा क्लास. आणि जेवायला जो डबा यायचा, त्यातली डाळ अशी की पोहायला उतरावं.

अम्मी एकदा मला बघायला आली. तिनं तो डबा उघडून बोट बुडवलं, चाखलं आणि तोंड वाकडं केलं. "हे खाऊन तुम्ही डॉक्टर होणार? अगं, आजारी पडाल!" मग ती दिवसभर गल्लीतून हिंडली. कुठं किती पोरी राहतात, कुठं चूल मांडायला जागा मिळेल, सगळं बघून आली. तिचे डोळे चमकत होते. संध्याकाळी माझ्या वेणीला तेल लावता लावता म्हणाली, "नूरी, मी इथं मेस काढते. आंबाडीची भाजी, खट्टी डाळ, गरम भाकर. पोरी रांग लावतील. अब्बांना म्हणावं, राखणीला दुसरा माणूस बघा." इतकी खूश मी तिला क्वचितच पाहिली. ती रात्रभर माझ्या गादीवर बडबडत होती, आणि वैशाली शेवटी वैतागून म्हणाली, "काकू, उद्या केमिस्ट्रीची टेस्ट हाय हो."

अब्बांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काढू की मेस. पण स्टेशन उघडल्यावर भज्याला कोण बसणार?" अम्मीनं भांडण काढलं. तिला भांडता चांगलं यायचं. भिंतीला पडलेली चीर तिनं दाखवली. चुलीच्या मागून निघून ती आढ्यापर्यंत गेली होती, आणि अम्मीनं तीत कागदाचे बोळे कोंबून वर मातीचा हात फिरवला होता. "ही काय तुमच्या मालगाडीनं पाडली?" असं तिनं तोंडावर विचारलं. दुसऱ्या दिवशी लातूरला जाऊन रेल्वेच्या साहेबांनाच विचारून येतो, असं अब्बा म्हणाले, आणि खरंच गेले. परत आले ते संध्याकाळी, पायी, फलाटावरून सावकाश चालत. अम्मी दारात उभीच होती. "काय म्हणाले साहेब?" तर म्हणाले, "थोडं थांबा म्हणाले. काम वरून होऊन राहिलंय." अम्मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "हात-पाय धुवा, वाढते." त्या दिवसापासून तिनं मेसचं नाव काढलं नाही. का काढलं नाही, हे मला कळेना. हा सगळा प्रसंग मला अम्मीनंच पुढं एका भेटीत सांगितला, तेव्हा मी चिडले. तिच्यासारख्या भांडकुदळ बाईनं एका वाक्यात माघार घ्यावी?

गणपतीत मी दोन दिवस घरी आले. आकाश भरलेलं, हवा कोंदट, पानही हलत नव्हतं. संध्याकाळची गाडी शिट्टी देऊन गेली. आम्ही फलाटावर पोतं अंथरून मुरमुरे खात बसलो होतो. गाडीचा आवाज विरला, फलाटावर पडलेलं कुत्रं उठून उभं राहिलं, आणि लिंबाचा तो रुळाचा तुकडा आपोआप वाजला. कुणी गज लावला नव्हता. बारीक, थरथरता आवाज, आणि मग तो तुकडा स्वतःशीच हलत राहिला. माझ्या हातातले मुरमुरे सांडले.

"बघ," अब्बा म्हणाले, "सुटली तिकडून." पण ते उठले नाहीत. पूर्वी ते पळत झेंडा आणायचे.

मी अम्मीला आत नेलं आणि रडायला लागले. "अम्मी, तू माझ्याबरोबर चल. उद्याच चल. निदान बाहेर तरी झोप." अब्बा राखणीमुळं कायमच फलाटावर खाट टाकायचे, ती मात्र आत, त्या चिरेच्या भिंतीखाली. शेवंतामावशींनी तिला अंगणात निजायला किती बोलावलं होतं. "नक्को," ती म्हणाली. माझे डोळे पदरानं पुसले आणि हसली. "मी बाहेर झोपायला लागले तर गाडीचं काय होईल गं?" मला वाटलं, हिला अब्बांनी पुरतं भारून टाकलंय. मी रागानं तोंड फिरवून झोपले, आणि सकाळी तिच्याशी धड न बोलता निघाले.

गणपती बुडवून लातूर दमून झोपलं होतं, त्या पहाटे ते झालं. सगळ्या जगाला ते आठवतं, मला नाही. खोलीतल्या मुली किंचाळत बाहेर पळाल्या, कपाटावरची पुस्तकं खाली कोसळली, आणि मी? मला झोपेत वाटलं, गाडी जाते आहे. मी कूस बदलली. वैशालीनं परत आत येऊन मला केसाला धरून ओढलं. "उठ गं भवाने, मरतीस का!" रस्त्यावर सगळे उभे होते, कुणी देवाचं नाव घेत होतं, कुणी पोरं मोजत होतं. माझ्या लक्षात आलं ते तिथं, अनवाणी उभी असताना. आमच्या घरातल्या कुणालाच अशा वेळी उठायची सवय नव्हती.

उजाडलं तसं किल्लारीकडून एकेक बातमी यायला लागली. जीपा आणि ट्रक माणसं घेऊन दवाखान्याकडं धावत होते. त्यांच्या मागच्या फळ्यांमधून काय दिसत होतं ते मी लिहिणार नाही. आमच्याकडं जायला एसटी नव्हती, जीपवाला उभा राहीना. मी स्टेशनात पळाले. सकाळची गाडी आली नव्हती. रूळ तपासत सावकाश येतेय, असं कुणी म्हणालं. वाटेत कुठंतरी कुणीतरी थांबवलीय, असं दुसरा म्हणाला. "कुठं थांबवली?" मी विचारलं. "ते धानोरी म्हणून बंद स्टेशन हाय ना, तिथं." मी फलाटावर बसून राहिले.

गाडी आली. गार्डाच्या डब्यातून आधी शेवंतामावशी उतरल्या, केस मोकळे, अंगभर माती. मग गावातल्या माणसांनी एक दार खाली घेतलं. आमच्याच क्वार्टरचं दार होतं ते. त्यावर अम्मी होती. अब्बा शेवटी उतरले. बनियनवर, लुंगीत, आणि हातात लाल झेंडा अजून तसाच धरलेला. ड्रायव्हर माझ्याजवळ येऊन सांगत होता, "म्हातारा रुळाच्या मधोमध उभा होता बाई. मी शिट्टी दिली तरी हलंना. मग थांबवली." मला ते ऐकू येत होतं आणि येत नव्हतं. अम्मीचा चेहरा स्वच्छ होता, एक ओरखडासुद्धा नव्हता. छातीपासून खाली चादर होती आणि ती चादर मला कुणी उचलू देईना.

दवाखान्याची गाडी येईपर्यंत ते दार फलाटावरच ठेवलं होतं. अम्मीनं मला ओळखलं. माझा हात तिनं धरला, पण बघत होती ती अब्बांकडं. अब्बा तिच्या उशाशी उकिडवे बसले होते. इथं जे बोलणं झालं ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण त्याचं मराठी करायला माझा हात धजत नाही.

"गाडी नै थी, रशीदा," अब्बा म्हणाले. "कब्बी नै थी. साबने उसी दिन बोल दिया था, लूप उखाडते, घर खाली करो बोलके."

"मालूम था मेरेकू," अम्मी म्हणाली.

अब्बांनी तिच्याकडं असं पाहिलं की ते दृश्य माझ्या शत्रूच्याही वाट्याला येऊ नये. "फिर बोली कायकू नै?"

ती म्हणाली, "कैसा बोलती?"

त्यानंतर ती बोलली नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात, किल्लारीकडच्या माणसांच्या रांगेत, तिचा नंबर यायच्या आधीच ती गेली.

अब्बा पुढं माझ्याकडंच राहिले, बरीच वर्षं. मी डॉक्टर झाले नाही. शाळेत विज्ञान शिकवलं, पोरांना जमिनीच्या पोटातले थर फळ्यावर काढून दाखवले. ही हकिकत मी ज्यांना ज्यांना सांगितली ते सगळे गहिवरतात. काय जीव होता दोघांचा एकमेकांवर, म्हणतात. होता, मी कुठं नाही म्हणते? तो खोटं बोलला कारण स्टेशनाशिवाय त्याला स्वतःचं तोंड आरशात बघवेना. ती त्या खोट्याला धरून भिंतीखाली निजली, कारण बाहेर निजणं म्हणजे त्याला चारचौघांत खोटं पाडणं. सगळं कळतं मला. तरी मला दोघांचा राग येतो, आज या वयातही येतो, डोकं फिरेल इतका येतो. मी सोळा वर्षांची होते हो. मला आई हवी होती.